बँडवाल्यांची गाणी

परवा टपरीवर चहा पिताना साठच्या दशकातल्या गाण्यांचा विषय निघाला. मी माझी आवडती तीन सांगितली. एक सहकारी हसला. "अरे, ही तर बँडवाल्यांची गाणी! मदनमोहन वगैरे ऐकतोस का कधी?"

ऐकतो बाबा. मदनमोहनचं एकही गाणं 'बिनाका गीतमाले'च्या वार्षिक यादीत पहिलं आलं नाही, हेही ठाऊक आहे. यादी म्हणजे काही गुणवत्तेचं प्रमाणपत्र नव्हे, कबूल. पण लोकांनी डोक्यावर घेतलं म्हणून गाणं हलकं? हा कुठला न्याय?

हा न्याय जुनाच आहे म्हणा. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बा. वि. केसकरांनाही सिनेसंगीत हलकं वाटायचं. आकाशवाणीवरून ते जवळपास हद्दपारच झालं. लोकांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं! त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली. शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली.

कुंभार पिंपळगावात आमचे आजोबा बुधवारी रात्री आठला सिलोन लावून बसायचे. शिक्षण निजामाच्या राज्यातलं, उर्दूतून. त्यामुळे १९६० चं अव्वल गाणं, 'बरसात की रात'मधलं साहिर-रोशन-रफीचं, त्यांना शब्दन् शब्द कळायचं. माझ्या यादीत ते पहिलं.

दुसरं १९६६ चं, 'सूरज'मधलं. शंकर-जयकिशनची ती चाल वाजल्याशिवाय आमच्याकडं नवरदेव पुढं सरकत नाही. ज्याच्या घरी रेडिओ नव्हता, त्याच्या दारापर्यंत गाणं बँडवाल्यानंच नेलं. मग 'बँडवाल्यांचं गाणं' ही शिवी कशी काय होते?

आणि तिसरं माझं खास लाडकं. १९६७ चं, 'मिलन'मधलं, लक्ष्मीकांत-प्यारेलालचं. त्यात शिकलेली नूतन शुद्ध 'श' म्हणते आणि नावाडी सुनील दत्त तिला अडवून आपला गावठी 'स' म्हणायला लावतो. पहिल्या नोकरीत माझ्या 'न' आणि 'ण'वर हसणारे कमी नव्हते. तेव्हा हे गाणं हेडफोनवर किती वेळा ऐकलं, विचारू नका. गावचा उच्चार बरोबर आणि शहराचा चूक, असं छातीठोक सांगणारं गाणं देशात वर्षभरातलं पहिलं आलं होतं राव! :-)

गीतमालेचे क्रमांक ठरायचे रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि श्रोत्यांची पसंती यांवरून. आजोबांनी आयुष्यात एक रेकॉर्ड घेतली नाही की सयानींना एक पत्र धाडलं नाही. म्हणजे त्या मोजणीत ते नव्हतेच. तरी गाणी त्यांचीच झाली.

तेव्हा टपरीवरच्या केसकरांनो, मदनमोहन खुशाल ऐका, मीही ऐकतो. फक्त कुणाच्या आवडीवर हसण्याआधी त्या गाण्यानं त्याला काय दिलं, तेवढं विचारा. असो. चहा गार झाला होता, वाद मात्र अजून गरम आहे.