जेवायला की वसुलीला?

मूर्खपणा माझाच आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

डिसेंबरात आम्ही दोघं चार दिवस तंजावरला गेलो होतो. लग्नाला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत आमची प्रत्येक सुट्टी एकतर कुणाच्या तरी लग्नात गेली, नाहीतर शेगावला दर्शन आणि तिथून खामगावला घरी, यात. फक्त दोघांनी, फक्त बघायला आणि खायला कुठंतरी जायचं, हे पहिल्यांदाच. चेन्नईहून रात्रीची उळवन एक्स्प्रेस पकडली. उळवन म्हणजे शेतकरी. हे मला नंतर कळलं, आणि बुलडाण्याच्या माणसाला ते आधी कळायला हवं होतं असं वाटलं, पण ते असो.

पहिल्या दुपारी एका साध्या हॉटेलात केळीच्या पानावर जेवायला बसलो. वाढणाऱ्यानं भातावर सांबार ओतला. आणि मी, खामगावचा, पुण्यात सॉफ्टवेअर लिहिणारा, डिग्रीवाला माणूस, त्याला हिंदीत म्हणालो, "भैया, ये सांबार हमारा है. संभाजी महाराज के नाम से बना है."

तो हसला आणि अजून एक पळी सांबार ओतून पुढच्या पानाकडं गेला. त्याला वाटलं, मी सांबार मागतोय.

बायको तिथं काही बोलली नाही. बाहेर रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "तू इथं जेवायला आलायस की वसुलीला?"

त्यानंतर संध्याकाळपर्यंत आमचं बोलणं बंद होतं. मला राग आला होता, कारण वाक्य बरोबर लागलं होतं. महिनाभर ते डोक्यात आहे. आणि आता माझं स्पष्ट मत झालंय की हा रोग माझ्या एकट्याचा नाही. आपण मराठी तरुण दक्षिणेत जातो ते पाहुणे म्हणून नाही, वसुलीला जातो.

निघायच्या आधीचंच बघा. ऑफिसात तंजावर म्हटल्याबरोबर पहिलं वाक्य, "अरे, आपलं राज्य होतं तिथं." खामगावला फोन केला तर काकांनी बजावलं, "सांगून ये त्याईले, सांबार आपला हाय म्हणा." फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड आलाच. तुम्हालाही आला असेल: तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात संभाजी महाराज पाहुणे आले, आमटीला आमसूल संपलं होतं, कुणीतरी चिंच घालायला सांगितली, आणि त्या पदार्थाला महाराजांचं नाव मिळालं. शेवटी पाच-सहा भगवे झेंडे आणि 'अभिमान असेल तर शेअर करा'.

आता जरा हिशोब करू. तंजावरचे हे शहाजी गादीवर आले १६८४ मध्ये. संभाजी महाराजांची हत्या झाली मार्च १६८९ मध्ये. म्हणजे ही मेजवानी या पाच वर्षांत बसवायची. ही पाच वर्षं कोणती? औरंगजेब सगळं सैन्य घेऊन दख्खनेत उतरलेला आणि महाराज एका आघाडीवरून दुसऱ्या आघाडीवर धावतायत. त्यातून वेळ काढून ते तंजावरला आमटी खायला गेले, याचा त्या काळातला एकही कागद मला कुणी दाखवलेला नाही. फॉरवर्ड मात्र शंभर दाखवले. आणि आमसूल! आमच्या खामगावात आमसूल किराणा दुकानात विचारून घ्यावं लागतं. वरणाला आंबटपणा हवा तर आमची आई चिंचच घालते. ही गोष्ट रचणारा बहुधा कोकणातला असावा.

गंमत म्हणजे आमच्याकडं वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. भाजीवालीला 'सांबार द्या' म्हटलं की ती जुडी देते. पुण्यात आलो तेव्हा या एका शब्दावरून हॉस्टेलात सहा महिने माझी टिंगल झाली. जुन्या मराठीत, संस्कृतात संभार म्हणजे जमवलेलं साहित्य. त्यातून कुठं मसाला, कुठं कोथिंबीर, कुठं डाळीचं कालवण असा अर्थ फुटला असेल, असा माझा अंदाज. शब्द असेच फिरतात, त्यांना सातबारा नसतो. पण फिरणाऱ्या शब्दाचा अभिमान वाटत नाही ना, अभिमानाला मालक लागतो.

याहून लाज वाटणारी गोष्ट त्या 'भैया'ची. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी लादायचा सरकारी निर्णय निघाला तेव्हा माझ्या स्टेटसवर रोज काहीतरी असायचं. २९ जूनला सरकारनं निर्णय मागं घेतला तेव्हा आम्ही मित्रांनी पेढे वाटले. पुण्यात रिक्षावाल्यानं हिंदीत सुरुवात केली तर मी हट्टानं मराठीत उत्तर देतो, आणि ते मी पुढंही देणार. तोच मी तंजावर स्टेशनबाहेर पाऊल टाकल्याटाकल्या रिक्षावाल्याला म्हणालो, "भैया, होटल चलोगे?" तो तमिळमध्ये बोलला. मी हिंदी अजून मोठ्यानं बोललो. शेवटी त्यानंच तोडक्यामोडक्या इंग्रजीत व्यवहार उरकला. म्हणजे माझ्या दारात तू माझी भाषा बोल, आणि तुझ्या दारात तू दिल्लीची भाषा बोल. याला भाषाप्रेम म्हणत नाहीत. असं दुटप्पी वागून आपण उद्या कुठल्या तोंडानं मराठीसाठी भांडणार?

बायको गाडीत बसल्यापासून मोबाइलवर शब्द पाठ करत होती. तण्णी म्हणजे पाणी, कोंजम म्हणजे थोडं, पोदुम म्हणजे पुरे, नंद्री म्हणजे धन्यवाद. 'पोदुम' तर तिथं जीव वाचवतो, कारण पानावर वाढणं थांबतच नाही. मी एकही शब्द शिकलो नव्हतो. माझं राज्य होतं ना.

बृहदीश्वर मंदिराचं तेच. राजराजा चोळानं १०१० साली पूर्ण केलेलं, दोनशे फुटांहून उंच विमान, पूर्ण दगडी. शिखराकडं बघताना मान दुखते. आणि मी पहिला अर्धा तास काय केलं? खाली मान घालून मराठी शिलालेख शोधत फिरलो. तो आहे. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास, आवारातल्या भिंतीवर लांबच्या लांब, देवनागरीत. सापडल्यावर सेल्फी काढला. वाचायला गेलो तर दोन ओळींत दम संपला. ती भाषा, ते जोडाक्षर, ती वळणं, काही ओळखीचं वाटेना. बायको अक्षर अक्षर लावत बराच वेळ उभी राहिली. मी उन्हानं पाय भाजतायत म्हणून सावलीत गेलो. त्या सेल्फीला एकशे चाळीस लाइक आले. त्यात एकानंही विचारलं नाही की भिंतीवर लिहिलंय काय. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

सरस्वती महाल ग्रंथालयातही हेच. तिथं मोडीतले मराठी कागद गठ्ठ्यांनी आहेत. ज्याला खरंच 'आपलं' म्हणायचंय त्यानं मोडी शिकावी आणि तिथं जाऊन बसावं, मी त्याला कडक सलाम करीन. पण मोडी शिकायला काही महिने घासावं लागतं आणि सांबाराचा फॉरवर्ड पुढं ढकलायला एक सेकंद लागतो.

आणि ज्या राजांच्या नावानं आपण वसुलीला निघतो, ते कसे होते ते तरी बघा. ज्या शहाजींच्या स्वयंपाकघराची गोष्ट आपण सांगतो, त्यांनी तेलुगूत 'पल्लकी सेवा प्रबंधम्' लिहिलं. त्यांच्या 'पंचभाषाविलास' नाटकात तमिळ, तेलुगू, संस्कृत, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा आहेत. बाहेरून आलेला राजा, हातात सत्ता, आणि तो तिथल्या भाषेत लिहायला बसतो. आपल्याला चार दिवसांसाठी 'पाणी' हा शब्द शिकायचा कंटाळा.

ते राज्य 'आपलं' कसं झालं, हेही फॉरवर्डमध्ये नसतं. व्यंकोजीराजे १६७५-७६ च्या सुमारास तंजावरला गेले ते आदिलशाहीचे सरदार म्हणून. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले, कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमळवाडीला दोघा सावत्र भावांची भेट झाली, वडिलांच्या मिळकतीतल्या वाट्यावरून बोलणी फिसकटली, आणि व्यंकोजीराजे रात्रीतून निघून गेले. आमचा जिल्हा जिजाऊंचा. सिंदखेडराजाला १२ जानेवारीला मी लहानपणापासून जातो. त्या हिशोबानं तंजावरची शाखा म्हणजे आमच्या जिजाऊंच्या सवतीच्या मुलाची. घरातलं हे भांडण तीनशे वर्षांनी गाळून टाकायचं आणि तमिळ माणसासमोर मात्र एक कुटुंब म्हणून छाती काढायची.

यावर मित्र म्हणतात, "इतिहास आहे तो, सांगितला तर बिघडलं काय?" ठीक आहे. मग लोणारला चला. आपल्या जिल्ह्यात उल्कापातानं झालेलं सरोवर, आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर. ते चालुक्यकाळातलं मानतात. चालुक्य कन्नड मुलखातले राज्यकर्ते. उद्या हुबळीचं एक जोडपं लोणारला आलं, बस स्टँडवरच्या हॉटेलात पिठलं-भाकर खायला बसलं, आणि त्या पोऱ्यानं ताट ठेवताच नवरा कन्नडमध्ये म्हणाला, 'हे देऊळ आमचं, तुम्हाला माहीत नाही वाटतं', तर? मी सांगतो काय होईल. त्याचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत महाराष्ट्रभर फिरेल, बेळगाव मधे येईल, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कॅमेऱ्यासमोर माफी मागायला लावतील. मला तंजावरात फक्त एक पळी सांबार जास्त मिळाला.

खाण्याचंही बोललं पाहिजे, कारण सुट्टी त्यासाठीच होती. निघताना आईनं शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि दशम्या बांधून दिल्या. "तिकडं भातच भात. पोळी नाई भेटत. किती दिवस खासान?" आईला मी काही म्हणणार नाही. तिच्या पिढीला बाहेर जेवणं परवडतच नव्हतं, शेगावला जातानाही शिदोरी असायची. पण आपल्या वयाचे, दर शनिवारी कोरियन रामेन शोधणारे लोक दक्षिणेत जाताना 'सोबत महाराष्ट्रीय जेवण, आपला स्वयंपाकी' अशी जाहिरात बघून टूर बुक करतात, ते मला कळत नाही. मीनाक्षी मंदिराच्या सावलीत बटाट्याची भाजी आणि श्रीखंड खायचं असेल तर मदुराई कशाला? आणि या माणसांना परत आल्यावर विचारा, ते सांगतात, 'तिकडचं जेवण आपल्याला नाही जमत'. खाल्लंय कुठं?

आम्ही एका घरात उतरलो होतो, वरची खोली भाड्यानं. दुसऱ्या रात्री घरातल्या अम्मांनी जेवायला बोलावलं. वाटीत वांग्याची पातळ भाजी होती, चिंच, डाळ, भाजलेले धने, खोबरं. नाव विचारलं तर म्हणाल्या, "रसवांगी." तमिळमध्ये वांग्याला कत्तरिक्काय म्हणतात, मग हे वांगी आलं कुठून ते उघड आहे. दुसऱ्या वाटीत उडदाचं पीठ कालवलेलं दही. "डांगर पच्चडी." डांगर! माझं तोंड उघडलं. टेबलाखालून बायकोची लाथ बसली.

मग तिनं विचारलं, हे कसं करतात. धने किती भाजायचे, चिंच आधी की वांगी आधी. अम्मा उठून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, डबे उघडून दाखवले. तासभर दोघी तिथं होत्या. अर्धं इंग्रजी, अर्धं हातवारे, मधेच 'कोंजम'. मी बाहेर बसून ताक पीत होतो. आतून डांगर हा शब्द दोनदा ऐकू आला. बायकोनं सांगितलं होतं की आमच्याकडंही डांगर असतं, पापडाचं. अम्मांनी ते कसं करतात ते विचारलं. म्हणजे जे मला वेटरला बजावायचं होतं, ते इथं न बजावता झालं, आणि त्यात कुणाकडून काही काढून घ्यावं लागलं नाही. आता कुणी म्हणेल, हे तर मी अजून गोड करून सांगतोय. सांगतोय. वांगं खरंच चांगलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिरुवैयारूला गेलो. त्यागराजांची समाधी बघितली, मूगडाळीचा अशोका हलवा खाल्ला, इतका तुपकट की बोटं दिवसभर चकाकत होती. ज्या देवळात मी पहिल्या दिवशी भिंती शोधत फिरलो होतो, तिथं संध्याकाळी परत गेलो आणि नंदीजवळच्या पायरीवर अंधार पडेपर्यंत बसलो. फोन बायकोच्या पर्समध्ये होता. तिनंच काढून घेतला होता, माझ्या संयमावर तिचा विश्वास नव्हता.

घरी आल्यावर फॅमिली ग्रुपवर मी १६८४ आणि १६८९ ही दोन सालं टाकली आणि मधल्या पाच वर्षांबद्दल चार ओळी लिहिल्या. दोन तास कुणी काही बोललं नाही. मग काकांनी उत्तर म्हणून तोच सांबाराचा फॉरवर्ड पुन्हा टाकला. खाली आईचा व्हॉइस मेसेज: येताना पावशेर चांगला सांबार आण, इथं महाग झाला.