रेषेला सावलीची उधारी कशाला?

मुरुडला जंजिरा रंगवायला कलाविद्यार्थी येतात. बुरूज, तटाचे दगड, राजपुरीहून सुटणाऱ्या शिडाच्या होड्या, सगळं मन लावून काढतात. मासळी घेऊन जाणारी कोळीण मात्र दोन फटकाऱ्यांत उरकतात. एखाद्याने तिलाच चार रेषांत पकडलं, तर पाठीमागून कुणीतरी विचारतंच, ‘‘छान आहे, पण पूर्ण कधी करणार?’’

एलिमेंटरी-इंटरमीजिएटपासून मुरलेली ही समजूत : शेडिंग झालं की चित्र झालं. शेडिंग शिकावं, ना नाही. पण माणूस त्यानेच खरा उतरतो, हे मुळीच मान्य नाही. पेन्सिल घासून चुकलेला खांदा झाकता येतो. एका रेषेतला खांदा चुकला की चुकलाच.

डोक्यावर पाटी घेऊन उभी असलेली कोळीण नीट बघा. मान ताठ, कंबर एका अंगाला निघालेली, त्याच पायावर सगळा भार, दुसरा गुडघा सैल. कानामागून टाचेपर्यंत उतरणारी रेषा मानेशी सरळ, कमरेत वळलेली आणि टाचेशी दाबून काढलेली असली, तर पाटी न काढताही ओझं कळतं. लुगड्याच्या शंभर चुण्या रंगवून ते येत नाही. बी. प्रभा यांनी कोळणींची अंगं लांबवली, माना उंचावल्या. शरीररचनेच्या मास्तरांनी गुण कापले असते, पण तो ताठा खोटा म्हणायची कुणाची छाती आहे? (काही कोळणी जरा जास्तच देखण्या झाल्यात, ते सोडा.)

‘‘हे तर पोरसुद्धा काढील’’ हा दुसरा आक्षेप. पिकासोने १९४५-४६च्या हिवाळ्यात एकच बैल अकरा टप्प्यांत लिथोग्राफवर छापला. आधीचे बैल भरीव, मांसल. मोजक्या रेषांचा बैल सर्वांत शेवटी आला. आक्षेप घेणारे नेमका तेवढाच बघतात. आपल्याकडे नंदलाल बोस यांनी १९३० साली दांडीयात्रेचे गांधी लिनोकटमध्ये काळ्यावर पांढऱ्या रेषांत उभे केले : काठी, वाकलेला देह, पुढे पडणारं पाऊल. त्यात सावली भरून नवीन काय कळणार होतं? आणि लेखक जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’ या नुसत्या टोपणनावाला वसंत सरवट्यांनी हातात घण देऊन चालताबोलता माणूस केला, तोही रेषेवरच.

मात्र कमी रेषा म्हणजे आधुनिकता, हे ढोंगही बोकाळलंय. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की वारली माणसाचं धड होतं. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत तो वाकतो, ओढतो, नाचतो. रिसॉर्टच्या भिंतीवर तोच माणूस छापल्यासारखा नुसता उभा असतो. त्या भिंतींची वकिली करायला मी येणार नाही.