खुडूक कोंबडीचे मोल

परसात अंड्यांसाठी कोणत्या जातीची कोंबडी पाळावी, हा प्रश्न शहरवासीयांना किरकोळ वाटेल. आजऱ्यासारख्या डोंगराळ तालुक्यातील घराघरांचे अर्थकारण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो तसा वाटणार नाही. भाताचे पैसे वर्षातून एकदा येतात, मुंबईतील चाकरमान्याचे पैसे त्याच्या सवडीने येतात. अंड्याचे पैसे मात्र घरच्या बाईच्या हाती आठवड्याला पडतात. मुलाची वही आणि म्हाताऱ्याचे औषध त्यातून निघते. शालेय पोषण आहारात २०२३ साली आलेल्या अंड्याचा शासकीय निधी २०२५ च्या जानेवारीत थांबला. अशा वेळी परसातल्या अंड्याचे महत्त्व अधिकच वाढते.

निवडीला आज वाव पुष्कळ आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा व ग्रामप्रिया या जाती परसबागेसाठीच तयार केल्या; बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज दिली. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. वनराजा शंभरावर जाते, ग्रामप्रिया दीडशेच्या पुढे आणि व्यापारी फार्मवरील व्हाइट लेगहॉर्न तर तीनशेपर्यंत. या आकड्यांपुढे गावठी कोंबडी पहिल्याच फेरीत बाद व्हावी, हे स्वाभाविक आहे.

परंतु आकडा कोणत्या परिस्थितीत मिळाला, हे विचारल्यावाचून तो स्वीकारणे शहाणपणाचे नाही. लेगहॉर्नची तीनशे अंडी तयार खाद्य, बेताचा उजेड आणि बंदिस्त निवारा यांची आहेत. कणी-कोंडा, वाळवी आणि किडे यांवर जगणाऱ्या कोंबडीकडून ती अपेक्षिणे व्यर्थ होय. आजऱ्यात पावसाळ्याचे महिने संततधार असते, खुराडे ओले राहते आणि उघडीप मिळताच घार व मुंगूस टपलेले असतात. पांढरा पक्षी घारीला दुरून दिसतो. वजनदार वनराजाला झटकन उडून आसरा गाठता येत नाही. ग्रामप्रिया त्या मानाने हलकी असल्याने अंड्यांसाठी ती अधिक सोयीची ठरते.

याहून महत्त्वाची गोष्ट खुडूक होण्याची. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते, खुडूक बसते, एकवीस दिवस ती उबवते आणि पुढे पिले हिंडवीत राहते. तिची अंडी कमी भरतात ती मुख्यतः यामुळे. हिशेबनीस या काळाला तोटा म्हणतो. वस्तुतः या काळात ती विजेवाचून चालणारे उबवणी यंत्र असते, पिलांची ऊब असते आणि राखणदारही असते. अधिक अंड्यांसाठी निवड करताना नेमका हाच गुण काढून टाकला गेला. सुधारित कोंबडी सहसा रवणावर बसत नाही आणि संकरित असल्याने तिच्या पुढच्या पिढीत मूळचे गुण टिकत नाहीत. म्हणजे अंडी वाढली, पण कळप दरवेळी विकत घेणे आले. राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत पंचवीस तलंगा व तीन नर यांचा गट निम्म्या अनुदानावर देण्याची तरतूद झाली. ती स्तुत्य आहे. पण हा गट म्हातारा झाल्यावर किंवा मानमोडीने गेल्यावर खुराडे पुन्हा रिकामेच.

यावरून सुधारित जाती नाकाराव्यात असे मुळीच नव्हे. दहा कोंबड्यांच्या घरात सहा-सात ग्रामप्रिया अंड्यांसाठी आणि तीन-चार गावठी उबवणीसाठी ठेवाव्यात. सुधारित जातीची उबवणीची दहा-बारा अंडी आणून खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवली, तर विकत घ्यायची ती अंडी, पिले नव्हेत. आईमागे हिंडणारे पिलू चरणे आणि लपणे दोन्ही शिकते. रवण पावसाळा सरल्यावर घालावे, म्हणजे पुढच्या पावसापूर्वी पिले मोठी होतात.

मात्र कोणतीही जात लसीवाचून तगणार नाही. मानमोडीच्या लसीची कुपी शंभर वा अधिक पक्ष्यांची असते आणि उघडल्यावर ती थोडक्याच वेळात संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या मालकिणीने ती एकटीने घ्यावी कशी? हे काम गावाने एकाच दिवशी, बचत गटांच्या साहाय्याने करावयाचे आहे. शिक्षक व विद्यार्थी यांनी त्याची नोंद ठेवली, तर ते गणिताच्या तासाइतकेच मोलाचे ठरेल.

कोल्हापूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्राने उबवणीची अंडी आणि पशुसंवर्धन खात्याने वेळेवर लस आजऱ्याच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचवावी, एवढीच अपेक्षा आहे. योजनेचे यश मोजताना किती पिले वाटली हे न विचारता, तिसऱ्या वर्षी किती खुराडी भरलेली आहेत हे विचारावे. ज्या घरात कोंबडीने कोंबडी निर्माण केली, तेच घर स्वावलंबी झाले असे म्हणता येईल.