संकेतस्थळाची जागा आणि तिचा कब्जा

आपला माल इंटरनेटवरून थेट गिऱ्हाइकास विकण्याकडे आमच्या शेतकरी बंधूंचा कल वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. कोंकणचा हापूस, सांगलीची हळद व बेदाणा, कोल्हापुरी गूळ या जिनसांस भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे, आणि त्यांचें नांव ऐकून दूरचें गिऱ्हाईकही विचारणा करूं लागलें आहे. परंतु असें दुकान वाढूं लागलें म्हणजे एक प्रश्न हटकून उभा राहतो, तो हा कीं, संकेतस्थळ ठेवावयास जागा कोणाची घ्यावी? या जागेसच होस्टिंग म्हणतात. पुष्कळ जण केवळ दर पाहून ती घेतात. आमच्या मतें दर हा शेवटीं पाहावयाचा रकाना आहे. आधीं कब्जा कोणाचा हें पाहावें.

यांत दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. संकेतस्थळाचें नांव, म्हणजे डोमेन, ही एक. आणि मजकूर, छायाचित्रें व मागण्यांच्या नोंदी ज्या यंत्रावर राहतात ती जागा, ही दुसरी. नांव आपण नोंदवितों, जागा भाड्यानें घेतों. 'डॉट इन' नांवांच्या नोंदीची व्यवस्था निक्सी या संस्थेकडे आहे, व नोंदणी तिच्या मान्यताप्राप्त निबंधकांमार्फत होते. ज्याच्या नांवें नोंद, तोच धारक. सातबाऱ्यावर नांव एकाचें आणि नांगर दुसऱ्याचा, यांतून काय तंटे उद्भवतात तें आम्हीं महसुली दप्तरांत पुष्कळ पाहिलें आहे. येथेंही न्याय तोच.

आमच्या परिचयाच्या एका गूळ-उत्पादकानें संकेतस्थळ करून देणाऱ्या कारागिरावर सर्व सोंपविलें. कारागिरानें नांव स्वतःच्या खात्यांत, स्वतःच्या ईमेलवर नोंदविलें. त्यांत कपट होतें असें आम्ही म्हणत नाहीं. सोय म्हणून केलें असेल. पुढें मागण्या वाढल्या, मोठी जागा घेण्याची वेळ आली, तेव्हां नांव हलविण्याचा संकेतांक कांहीं केल्या मिळेना. अखेर नवें नांव घ्यावें लागलें, आणि डब्यांवर छापलेलें, गिऱ्हाइकांच्या तोंडीं बसलेलें जुनें नांव फुकट गेलें. म्हणून नोंद आपल्या नांवें, आपल्या ईमेलवर व आपल्या मोबाइल क्रमांकावर असावी. ती एका वेळीं दहा वर्षांपर्यंत करतां येते. पांच वर्षांचे पैसे तरी एकदम भरावे. सारा थकला तर तलाठी नोटीस घेऊन दारीं येतो. येथें ईमेल येतो, आणि तो कोणी वाचीत नाहीं.

कब्जाचें दुसरें अंग म्हणजे नक्कल. तारीख १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथें ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या केंद्रास आग लागून एक इमारत पूर्णपणें जळाली, व लक्षावधी संकेतस्थळें बंद पडलीं. ज्यांची नक्कल अन्यत्र होती ते पुन्हां उभे राहिले. ज्यांची नव्हती, किंवा जळालेल्या जागींच होती, त्यांचें दप्तर गेलें. तेव्हां होस्टिंगवाला नक्कल ठेवतो एवढ्यावर विसंबूं नये. आठवड्यास एक प्रत आपल्या घरीं उतरवून घ्यावी, आणि ती उघडते कीं नाहीं हेंही अधूनमधून पाहावें. बियाण्याची उगवण आपण पेरणीआधीं तपासतोंच कीं.

आतां जागेचे प्रकार. एकाच यंत्रावर शेंकडों बिऱ्हाडें असतात ती सामाईक जागा स्वस्त पडते व नवख्यास पुरते. परंतु शेजाऱ्याकडे गर्दी झाली कीं आपलें दुकान मंदावतें. स्वतंत्र वांट्याची जागा महाग, पण आपला हिस्सा मोजून मिळतो. क्लाउडची जागा गरजेप्रमाणें वाढवितां-घटवितां येते व आकार वापराप्रमाणें पडतो. ज्यांचा सर्व धंदा पाडव्यापासून मे अखेरपर्यंत उरकतो त्या आंबेवाल्यांस ही सोयीची, मात्र मासिक बिलावर नजर हवी. आणि मोठ्या जागेचे पैसे भरण्याआधीं एक करावें: मोबाइलवर काढलेलीं चार-पांच मेगाबाइटांचीं छायाचित्रें लहान करावीं. दोनशें किलोबाइटांचें छायाचित्रही गिऱ्हाइकास तितकेंच स्वच्छ दिसतें. पुष्कळांची अडचण एवढ्यानेंच दूर होईल.

दराविषयीं फार लिहावयास नको. पहिल्या वर्षाचा दर हा आमिषाचा असतो; नूतनीकरणाचा दर विचारावा, व त्यावर १८ टक्के जीएसटी धरावा. 'अमर्याद' म्हणून जाहिरात असते तेथें बारीक अक्षरांत फायलींच्या संख्येवर बहुधा मर्यादा असतेच. ९९.९ टक्के वेळ दुकान उघडें राहील असें वचन म्हणजे वर्षाच्या ८,७६० तासांपैकीं पावणेनऊ तास बंद; ९९ टक्के म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक. ते अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यांत आले तर मिळेल ती भाड्यांतील सूट, न विकलेल्या पेट्यांची भरपाई नव्हे.

जमिनीच्या कुळास १९४८ च्या कायद्यानें संरक्षण मिळालें. या कुळास तसें कांहीं नाहीं. भाडें वाढलें तर देणें किंवा निघणें, दोनच मार्ग. तयार दुकान देणाऱ्या मंचांविरुद्ध आमचें म्हणणें नाहीं, परंतु मालाची यादी व गिऱ्हाइकांची वही तेथून आपणांस बाहेर काढतां येते काय, हें पैसे भरण्यापूर्वीं लेखी विचारून घ्यावें.

स्थलांतर करणें तें आंबेवाल्यांनीं आषाढांत, गूळवाल्यांनीं गुऱ्हाळें सुरू होण्यापूर्वीं करावें. नांव नव्या जागेकडे वळविल्यावर ती खबर सर्वत्र पोंचण्यास एक-दोन दिवस लागूं शकतात. सबब महिनाभर दोन्हीं भाडीं भरावीं, आणि नव्या जागेवर स्वतः एक मागणी नोंदवून, पैसे चुकते करून, पावती हातीं येते असें पाहिल्यावरच जुनी जागा सोडावी.