पिट्सबर्गचा वाद
अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाच्या चाली ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर आखतो आणि मैदानावर क्वार्टरबॅक त्या पार पाडतो; संघ हरू लागला की चाहत्यांचा रोष निघतो तो याच दोघांवर. पिट्सबर्ग स्टीलर्सने नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन हंगामात, कोऑर्डिनेटर मॅट कॅनडा यांना काढले आणि २०२४ साठी आर्थर स्मिथ यांना आणले. स्मिथ यांचा भर धावत चेंडू पुढे नेण्यावर. टेनेसीच्या संघात त्यांच्याच आखणीत डेरिक हेन्रीने २०२० मध्ये धावत दोन हजार यार्ड ओलांडले होते. अटलांटात मुख्य प्रशिक्षक म्हणून मात्र तिन्ही हंगामांत सात विजय आणि दहा पराभव, म्हणजे शंकेला जागा होतीच. क्वार्टरबॅकही नवे: लांब, उंच फेकीचा अनुभवी रसेल विल्सन आणि चपळ, तरुण जस्टिन फील्ड्स. विल्सनची पोटरी दुखावली असताना फील्ड्सने सहापैकी चार सामने जिंकून दिले, तरी मुख्य प्रशिक्षक माइक टॉमलिन यांनी त्याला बाकावर बसवून विल्सनला उतरवले. जिंकणाऱ्याला बसवणे पचनी पडायला कठीणच. विल्सनने पहिल्याच सामन्यात जेट्सना ३७-१५ हरवले आणि निर्णय बरोबर ठरल्यासारखा वाटला. पण साखळीतले शेवटचे चारही सामने आणि बाद फेरीची लढत संघाने गमावली. २०२५ मध्ये दोघेही क्वार्टरबॅक न्यूयॉर्कच्या दोन वेगवेगळ्या संघांत गेले, स्मिथ राहिले.