भांडण नको म्हणून घेतलेलं मशीन

जून संपत आला की मला येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. पूर्वी लोक विचारायचे, "मॅडम, गळती कुठून आहे ते बघून जाता का?" गेल्या काही वर्षांत दुसराच प्रश्न येऊ लागला आहे: "भिंतीला बुरशी आलीय, ओझोनचं मशीन घ्यावं म्हणतोय. कुठलं चांगलं?" मी स्थापत्य अभियंता आहे. डोंबिवली, ठाणे, मुलुंड या पट्ट्यातल्या इमारतींत पाणी कुठून झिरपतंय ते शोधणं हा माझा धंदा. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा पैसे आधीच भरलेले असतात आणि त्याला माझी मान फक्त होकारार्थी हललेली हवी असते. ती मी हलवत नाही. राहत्या घरात ओझोनचं मशीन लावू नये, बुरशीसाठी तर मुळीच नको, हे माझं मत आहे, आणि त्यामागे साधा हिशेब आहे.

आधी हिशेबच करू. आपल्याकडची ठरलेली बेडरूम घ्या, दहा बाय बारा, उंची साडेनऊ फूट. आतली हवा भरते सुमारे 32 घनमीटर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या मानकांनुसार आठ तासांच्या सरासरीत दर घनमीटर हवेत ओझोन 100 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावा. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही तोच. म्हणजे त्या अख्ख्या खोलीत मिळून 3.2 मिलिग्रॅम. आता मशीनच्या खोक्यावर बघा. 'खोली निर्जंतुक करणारं' म्हणून विकल्या जाणाऱ्या मशीनवर बऱ्याचदा अभिमानाने छापलेलं असतं: तासाला 10 ग्रॅम. दहा ग्रॅम म्हणजे दहा हजार मिलिग्रॅम, सेकंदाला पावणेतीनच्या आसपास. खोलीची मर्यादा गाठायला याला सव्वा सेकंद पुरतो. भाजी धुण्यासाठी म्हणून येणारं छोटं, तासाला 500 मिलिग्रॅमचं मशीन हवेत सोडलं तर अर्ध्या मिनिटाच्या आत. ओझोन टिकाऊ नसतो, भिंती-पडदे-गाद्यांना लागून तो मोडतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा या हिशेबापेक्षा कमी भरेल. पण अर्धा-पाऊण तास मशीन सुरू राहिलं तर कितीही सूट दिली तरी मर्यादेच्या खाली तो येत नाही.

विक्रेते म्हणतात, मशीन चालू असताना खोलीबाहेर थांबा आणि नंतर खिडक्या उघडा. वन बीएचकेमध्ये बाहेर म्हणजे कुठे? हॉलमध्ये. मधे एक दार, त्याच्या खाली बोटभर फट, आणि हॉलमध्ये दिवाणावर आजी. शिवाय जुलैच्या धो-धो पावसात खिडक्या कोण उघडणार?

ओझोन फुप्फुसांत गेला की श्वसनमार्गाच्या आतल्या अस्तराला दाह होतो. घसा खवखवतो, खोकला येतो, खोल श्वास घेताना छातीत दुखतं. दमा असेल तर तो चाळवतो, आणि मुलांना हा त्रास मोठ्यांपेक्षा लवकर होतो. यात नवीन शोध काही नाही. मुंबईच्या हवेचे आकडे रोज जाहीर होतात त्यात जे घटक मोजतात, त्यात ओझोन असतो, आणि तो प्रदूषक म्हणूनच. गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की तो तयार होतो. रस्त्यावर जो नको म्हणून सरकार मोजमाप करतं, तो आपण पैसे देऊन बेडरूममध्ये तयार करतो. त्यात फरशी पुसायला लिंबाच्या वासाचं लिक्विड वापरलं असेल तर त्या वासातल्या लिमोनिनशी ओझोनचा संयोग होऊन फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. घर 'फ्रेश' वाटत असतं.

लोकांना ओझोन चांगला वाटतो याचा दोष मी थोडासा शाळेला देईन. 16 सप्टेंबरला ओझोन दिन, पृथ्वीला छत्री धरलेलं चित्र, पहिल्या तिघांना बक्षीस. ते खरंच आहे, पण ती छत्री जमिनीपासून पंधरा-वीस किलोमीटर आणि त्याहून वर आहे आणि तिथे श्वास घ्यायला कोणी नाही. कुठल्याही पोरीला विचारा, ओझोन म्हणजे काय. ती म्हणेल, रक्षण करणारा. जाहिरातवाल्यांना आणखी काय हवं? त्यांनी त्यावर 'सक्रिय ऑक्सिजन' अशी चिठ्ठी लावली की काम झालं.

बरं, एवढं सोसून बुरशी तरी मरते का? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने यावर वर्षानुवर्षं एकच भूमिका ठेवली आहे: आरोग्याच्या मर्यादेत राहणारा ओझोन घरातल्या बुरशीचं फारसं काही वाकडं करू शकत नाही. हवेतले जीव पुन्हा वाढू नयेत इतका परिणाम साधायचा तर मर्यादेच्या पाच ते दहा पट ओझोन लागतो. आणि तोही हवेतल्यांसाठी. गिलाव्यात, प्लायवूडमध्ये, गादीच्या कापसात शिरलेल्या बुरशीपर्यंत तो पोहोचत नाही. भिंतीवर दिसणारे काळे-हिरवे ठिपके हा बुरशीचा वरचा भाग. तिचे तंतू पुट्टीत आणि गिलाव्यात उतरलेले असतात. समजा वरचे बीजाणू मेलेही, तरी ॲलर्जीला मेलेला बीजाणू जिवंत बीजाणूइतकाच चालतो. शिंका तशाच येतात. आठवड्याने ठिपकेही तिथेच उगवतात, कारण भिंत ओली आहे.

बुरशीची भीती निराधार आहे असं मी म्हणत नाही. ओलसर घरांत दमा, सर्दी, खोकला जास्त आढळतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली या एकाच विषयावर काढलेल्या मार्गदर्शक पुस्तकात नोंदवलं आहे. दम्याच्या काही रुग्णांत ॲस्परजिलस नावाच्या बुरशीची ॲलर्जी फुप्फुसात घर करते. छातीच्या एक्स-रेवरून तिला क्षय समजून आपल्याकडे अनेकांना टीबीची औषधं दिली गेली आहेत. पण 2021 च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसला 'काळी बुरशी' हे नाव पडलं आणि तेव्हापासून भिंतीवरचा प्रत्येक काळा डाग लोकांना जीवघेणा वाटू लागला. त्या आजाराचा आणि तुमच्या कपाटामागच्या डागाचा तसा संबंध नाही. तो आजार प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड्स यांच्या जोडीने आला होता. घाबरलेलं गिऱ्हाईक प्रश्न कमी विचारतं, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

तरीही लोक मशीन घेतात ते केवळ भीतीने नाही. खरं कारण मला डोंबिवली पूर्वेच्या एका घरात नीट दिसलं. चौथा मजला, नवरा-बायको दोघंही नोकरीला, सात-आठ वर्षांचा मुलगा, त्याच्या उशाशी इनहेलर. मुलाच्या खोलीत कपाटामागे छतापासून कंबरेपर्यंत डाग, गिलाव्याला पोपडे, खाली पांढरा खार. मशीन रोज संध्याकाळी दार लावून तासभर चालायचं आणि जेवणं झाली की मूल त्याच खोलीत झोपायचं. खोलीत तो झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा उग्र वास होता. घरच्यांना तो येत नव्हता, नाक सरावलं होतं. मुलाचा रात्रीचा खोकला वाढल्याचं आई सांगत होती. तो मशीनमुळेच, असं मी डॉक्टर नसताना म्हणणार नाही. मशीन बंद करा, एवढं म्हटलं.

डाग बरोबर वरच्या बाथरूमखाली. मी वर गेले. दार उघडणाऱ्या काकांनी बाथरूमची फरशी दाखवून मला ऐकवलं, "आमच्याकडे बघा, ठणठणीत कोरडं आहे. पाणी तर त्यांच्याकडे आहे." हे वाक्य मी इतक्या मजल्यांवर ऐकलं आहे की सोसायटीच्या फलकावर लावायला हरकत नाही. बाथरूमचा स्लॅब आजूबाजूपेक्षा फूट-दीड फूट खाली घेतलेला असतो. साइटवर त्याला सनकन म्हणतात. त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून वर लादी. नहाणी ट्रॅपचा सांधा सुटला की पाणी या भरावात मुरतं. वरची लादी कोरडी, खालच्याचं छत ओलं. आम्ही ट्रॅपमध्ये रंगाचं पाणी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या छताला गुलाबी छटा आली. काका मग गप्प बसले, पण त्याआधी वर्षभर या दोन घरांत बोलणं बंद होतं.

मशीन विकलं जातं ते या अबोल्यावर. वरच्याची लादी फोडायची म्हणजे त्याला पटवा, समितीला पत्र द्या, प्लंबर-गवंडी आणा, खर्चावरून वाद घाला. त्यापेक्षा काही हजारांचं खोकं कुरियरने येतं, प्लग लावला की घोंघावतं, काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. मला त्या जोडप्याचा राग आला नाही. आपल्या सोसायट्यांत शेजाऱ्याशी वैर परवडत नाही, पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत सगळं एकत्र आहे. पण त्या वैराची किंमत मुलाच्या फुप्फुसांनी भरायची, हा व्यवहार चुकीचा आहे.

वास्तविक नियम फारसे धूसर नाहीत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि पावसाचं पाणी यांची गळती संस्थेच्या खर्चाने दुरुस्त व्हायला हवी. संडास, सिंक यांतून होणारी घरातली गळती त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने. वाद बहुतेकदा नियमाचा नसतो, पाणी नेमकं कुठून येतंय याचा असतो. आणि ते शोधायला दरवेळी माझ्यासारखी व्यक्ती लागत नाही. फूटभर जाड प्लास्टिक घ्या, डाग पडलेल्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि एक-दोन दिवस राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर खोलीतल्या दमट हवेतलं पाणी गार भिंतीवर जमतंय, आणि मग दोष वरच्या काकांचा नाही, पलीकडच्या खोलीतल्या एसीचा किंवा घरात वाळत घातलेल्या कपड्यांचा. एसी घरोघर आल्यापासून हा दुसरा प्रकार वाढला आहे. त्याला उपाय म्हणजे कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं, एक्झॉस्ट फॅन चालवणं आणि घरातली आर्द्रता साठ टक्क्यांखाली राहील असं बघणं. काही घरांत डीह्युमिडिफायर उपयोगी पडतो. तो हवेतलं पाणी बादलीत आणून दाखवतो.

डाग तीन बाय तीन फुटांपेक्षा लहान असेल तर घरीच काढता येतो. एन-95 मास्क, हातमोजे, साबणाचं पाणी, ओलं फडकं. कोरड्या ब्रशने खरवडू नका, सगळे बीजाणू घरभर उडतात. सुटलेला गिलावा विटेपर्यंत काढून भिंत पूर्ण वाळू द्यावी लागते. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि वॉटरप्रूफ रंग चढवणारा रंगारी पुढच्या वर्षीचं काम पक्कं करून जातो. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो ओझोनपेक्षाही लवकर माणसाला आडवा करतो.

ओझोनशी माझं वैर नाही. पाणी शुद्ध करायला तो शंभराहून अधिक वर्षं वापरात आहे, फ्रान्समधल्या नीस शहरात 1906 पासून. बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यांत आजही तोच असतो, मोजून-मापून आणि माणसांपासून दूर. आक्षेप त्याला घरातलं उपकरण म्हणून विकण्याला आहे. अमेरिकेत अल्पाइन इंडस्ट्रीज या ओझोन मशीन बनवणाऱ्या कंपनीचे हवा शुद्ध करण्याचे बहुतेक दावे 1999 मध्ये टेनेसीतल्या ज्यूरीने पुराव्याअभावी फेटाळले, आणि 2001 मध्ये तिला जवळपास 15 लाख डॉलरचा दंड झाला. कॅलिफोर्नियाने 2007 मध्ये नियम केला की घरात वापरायचा एअर प्युरिफायर हवेत 0.050 पीपीएमपेक्षा जास्त ओझोन सोडता कामा नये. चाचणी करून प्रमाणपत्र घेतल्याशिवाय त्या राज्यात विक्री नाही. आपल्याकडे मी पाहिलेल्या खोक्यांवर 'तासाला किती ग्रॅम' हे गुण म्हणून छापलेलं होतं. खोलीत माणसं असताना हवेत किती ओझोन राहील याचा उल्लेख एकावरही नव्हता. तो छापणं बंधनकारक व्हावं, आणि राहत्या घरासाठी म्हणून ओझोन जनरेटर विकायला बंदी असावी. ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातींना दंड आहेच. तो या जाहिरातींना लावायला नवा कायदा कशाला हवा?

सरकार करेल तेव्हा करेल. सोसायट्यांना मात्र आत्ताच वेळ आहे. दिवाळीनंतर भिंती वाळायला लागतात आणि गळतीची कामं खरी तेव्हापासून मार्चपर्यंत करायची असतात; एप्रिल-मेमध्ये गवंडी गावी जातात आणि उरलेले दर दुप्पट सांगतात. समितीच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर गळतीच्या तक्रारींची मजलावार यादी घाला, पाणी साठवून गच्चीची चाचणी घ्या आणि वरच्या-खालच्या सभासदांना एकत्र उभं करून ट्रॅपमध्ये रंगाचं पाणी ओता. पुडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते.