गाडीचे वेड आणि रोजीरोटी

माझा भाचा नववीत आहे. खिडकी बंद असली तरी रस्त्यावरून कोणती गाडी गेली ते त्याला आवाजावरून कळते. डिझेल की पेट्रोल एवढेच नव्हे, सायलेन्सर फुटला आहे का, हेही तो सांगतो. गणितात मात्र सहामाहीला शंभरात एकतीस गुण पडले. गेल्या महिन्यात बहिणीकडे जेवायला गेलो, तेव्हा दस्तरखानावरच विषय निघाला.

"भाई, तुम्हीच समजवा याला," बहीण म्हणाली. "म्हणतो, शाळा सोडून नानांच्या गॅरेजवर बसतो."

मेहुणे शांतपणे म्हणाले, "बसू दे की. शिकून घरी बसलेली मुलं काय कमी आहेत? निदान हाताला काम लागेल."

वाचकहो, हे संभाषण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी झाले असेल. मेहुण्यांचे म्हणणे मला सरसकट चूक वाटत नाही. गाडीच्या वेडावर हजारो घरे चालतात. प्रश्न एवढाच, की वेडापासून रोजीपर्यंतचा रस्ता कोणता आणि त्या रस्त्यावर कोणता कागद विचारला जातो.

नाना म्हणजे माझे चाचा. चिपळूणला महामार्गालगत त्यांचे गॅरेज आहे. सातवीत शाळा सुटली आणि ते उस्तादाच्या हाताखाली पाने पुसायला लागले. अँबेसेडर, फियाट, पुढे मारुती ८००. कार्बोरेटरचा स्क्रू ते कानाने लावत. इंजिन कुठे अडखळते ते बॉनेट उघडण्याआधी सांगत. लांबून लोक त्यांच्याकडे गाड्या आणायचे. मग ते आखातात जायला निघाले. मुंबईत मुलाखतीला त्यांनी बंद पडलेले इंजिन चालू करून दाखवले. समोरच्याने विचारले, "दाखला?" दाखला नव्हता. काम मिळाले ते हेल्परचे, पगारही हेल्परचा. ज्याच्या हाताखाली लावले, त्याला चाचाच काम शिकवत होते. पण त्याच्याकडे आयटीआयचा कागद होता.

परत आले तोवर गाड्या बदलल्या होत्या. कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आले, सेन्सर आले. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाची मानके लागू झाली आणि इंजिनाचा कारभार आणखीच संगणकाच्या हाती गेला. आता बिघाड कानाने ओळखला, तरी स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो. कोड इंग्रजीत. चाचांचे जुने गिऱ्हाईक हळूहळू कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे वळले.

म्हणून मुलगा "मला गाड्यांचं वेड आहे" म्हणाला, तर त्याला आधी विचारावे: वेड कशाचे? चालवण्याचे, उघडून बघण्याचे, की गाडीच्या रूपाचे? तिन्ही रस्ते वेगळे आहेत.

चालवण्याचे वेड असलेल्या मुलांच्या डोळ्यांसमोर शर्यती असतात. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत आजवर दोनच भारतीय उतरले: २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन आणि २०१० मध्ये करुण चंडोक. शर्यतीत पोट भरण्याआधी खिसा रिकामा करावा लागतो. रस्त्यावरचे काम मात्र खरे आहे. टॅक्सी, शाळेची बस, ट्रक, रुग्णवाहिका, मोटार ट्रेनिंग स्कूल. पण त्याला वय लागते. मोटारीचा परवाना १८ पूर्ण झाल्यावर आणि व्यावसायिक वाहन चालवायला २० पूर्ण हवीत. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती कौतुकाने चावी देणाऱ्या अब्बांनी एक लक्षात ठेवावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. ज्याला गाडीवरच पोट भरायचे आहे, त्याची ऐन उमेदीची सात वर्षे एका फेरीपायी जातात.

उघडून बघण्याचे वेड असेल, तर काम सर्वांत जास्त. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा आहे. दोन्हींना दहावी पास लागते. त्यानंतर कारखान्यात अप्रेंटिस म्हणून विद्यावेतन घेत शिकता येते. पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर ही गाड्यांच्या कारखान्यांची ठिकाणे आपल्याच राज्यात आहेत. दहावीनंतर ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला, तर आणखी दारे उघडतात. आरटीओत गाड्या तपासणारे सहायक मोटार वाहन निरीक्षक एमपीएससीच्या परीक्षेतून येतात आणि त्या परीक्षेला हा डिप्लोमा चालतो. अपघातानंतर नुकसान किती झाले ते ठरवणारा विमा सर्व्हेअर असतो. त्याला तांत्रिक शिक्षण आणि विमा नियामकाचा परवाना लागतो, पण त्याचे सारे काम गाडीच ओळखण्याचे. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही संस्था आहे. तिथे बाजारात येणाऱ्या गाड्यांची चाचणी होते. दिवसभर गाड्या तपासायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा!

विजेच्या गाड्यांबद्दल एक सावधगिरी. त्यांच्या बॅटरीतला दाब साधारण तीनशे-चारशे व्होल्टच्या घरात असतो. बॉनेटखाली जाड नारिंगी केबल दिसते, ती हीच. रीतसर प्रशिक्षण नसलेल्या हाताने तिला शिवू नये. "बघून बघून शिकेल" ही जुनी पद्धत इथे जिवावर बेतेल.

रूपाचे वेड असलेली मुले डेंटिंग-पेंटिंग, सीट कव्हर, पॉलिश या कामांत रमतात. डब्यातला रंग जुन्या रंगाशी हुबेहूब जुळवणारा पेंटर कधी रिकामा बसत नाही. चित्रकला चांगली असलेल्यांना पुढचाही रस्ता आहे. राष्ट्रीय डिझाईन संस्थेच्या गांधीनगर केंद्रात वाहनांच्या डिझाईनचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. टाटांची नेक्सॉन ज्यांच्या नेतृत्वाखाली घडली, ते प्रताप बोस याच संस्थेत शिकलेले. वहीच्या मागच्या पानावर गाड्या काढणाऱ्या मुलाला ओरडण्याआधी ते पान नीट पाहावे.

आणखी एक वर्ग आहे. पगार दुसऱ्या कामाचा आणि रविवार गाडीचा. जुनी गाडी जपणारी माणसे पाहा. गाडी त्यांना पोसत नाही, ते गाडीला पोसतात. कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, कुणी हिशेबनीस. त्यांचे काही चुकले असे नव्हे. प्रत्येक आवडीतून पैसा निघालाच पाहिजे असे कुठे आहे?

या सर्व रस्त्यांवर पहिला नाका बहुधा दहावीचाच. आखातातल्या देशांत कामाला जाणाऱ्याच्या पासपोर्टवर इमिग्रेशनची तपासणी लागते, पण दहावी पास असेल तर ती लागत नाही. ज्यांची शाळा सुटली आहे, त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. आणि जे वर्षानुवर्षे गॅरेजवर काम करत आहेत, त्यांच्यासाठी सरकारच्या कौशल्य योजनेत आधीच्या अनुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या उस्तादांना हे सांगायला हवे.

जेवण झाल्यावर मी चाचांना फोन लावला आणि भाच्याच्या हाती दिला. पलीकडून आवाज आला, "रविवारी ये. हात काळे कर. पण दहावीचा निकाल दाखवल्याशिवाय सोमवारी माझ्या दारात दिसू नकोस."

त्या रविवारी मीही गेलो. एक पेट्रोल गाडी आली होती, मिसिंग मारत होती. चाचांनी नुसते ऐकून सांगितले, "एक सिलिंडर काम करत नाही." भाच्याने स्कॅनर लावला. कोड आला पी ०३०१, म्हणजे पहिला सिलिंडर. चाचांनी पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवली आणि इंजिन पुन्हा चालू करायला लावले. आता कोड आला पी ०३०२.

"काय कळलं?" चाचांनी विचारले.

"कॉइलबरोबर बिघाडही सरकला. म्हणजे कॉइलच खराब आहे," भाचा म्हणाला.

चाचांनी मान डोलावली आणि मग त्याला ते इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचायला लावले, एकदा नव्हे, तीनदा. ते स्वतःही मागून पुटपुटत होते.

सोमवारी भाचा शाळेत गेला. गणिताची शिकवणी लावली आहे. बहीण सांगते, नखांतले ग्रीस अजून निघत नाही, पण पाढे पाठ होत आहेत.